आधी मूळ की आधी घात

मार्था, तुझ्यासाठी आणलेल्या फुलांच्या चक्रावर आपल्या रविवारच्या मुलांनी गणित चुकवलं होतं.

पांढऱ्या फितीवर निळ्या मार्करने चौसष्ट लिहिलं होतं आणि त्याच्या उजव्या खांद्यावर बारीक आकड्यांत घातांक, तीन छेद दोन. दफनभूमीच्या फाटकाशी मी ते वाचलं आणि रडता रडता थांबले. सना माझ्या कानाशी लागली. "मॅडम, उलटं झालंय ना? दोन छेद तीन पाहिजे होतं."

पाहिजे होतंच. तुझ्या चौसष्टाव्या वाढदिवसाची गोष्ट त्या सगळ्यांना पाठ आहे. चौसष्टचा दोन छेद तीन. खालचा आकडा तीन, म्हणून घनमूळ: चार. वरचा आकडा दोन, म्हणून चाराचा वर्ग: सोळा. "मी आज सोळा वर्षांची झाले," असं तू पोह्यांच्या बश्यांसमोर उभी राहून जाहीर केलंस आणि वर म्हणालीस, "आता पुढचा वाढदिवस थेट एक्याऐंशीला. मधल्या एकाही संख्येत दम नाही." एक्याऐंशीचा तीन छेद चार म्हणजे सत्तावीस. तेव्हा भाऊजींशी परत लग्न लावायचा तुझा बेत होता. तर मुलांना फितीवर लिहायचं होतं सोळा. प्रशांतने रडत रडत, घाईघाईत अंशाच्या जागी छेद लिहिला आणि तुला पाचशे बारा वर्षांची करून टाकलं.

तू असतीस तर क्षणात म्हणाली असतीस, चौसष्टचं वर्गमूळ आठ, आठाचा घन पाचशे बारा, संपलं. मी काय केलं ते ऐक. पाळकसाहेब प्रार्थना म्हणत होते आणि मी तुझ्या पेटीशेजारी हात जोडून, डोळे मिटून, मनातल्या मनात चौसष्टचा घन करत होते. आधी घात, मग मूळ, माझ्या रीतीप्रमाणे. दोन लाख बासष्ट हजार एकशे चव्वेचाळीसपर्यंत पोचले आणि मला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलायचे थांबेनात. बायकांना वाटलं मी कोसळते आहे, दोघींनी मला धरलं. भाऊजींनी मात्र बरोबर ओळखलं. प्रार्थना संपल्यावर ते हळूच म्हणाले, "काय झालं, शैलावहिनी?" मी फितीकडे बोट दाखवलं आणि सांगितलं. त्यांनी फितीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाचशे बारा? असू दे. तेवढी वर्षं बोलायचं होतंच तिला."

प्रशांत फीत बदलून आणायला निघाला होता, त्याला मी अडवलं. चूक सापडली की तुझा चेहरा कसा उजळायचा, ते मला माहीत आहे. जाताना तेवढं तरी सुख तुला असावं.

परतीच्या मेट्रोत मात्र हसू आलं नाही. दिल्लीच्या त्या निळ्या लाइनवर द्वारकेपासून वैशालीपर्यंत मी खिडकीला डोकं टेकून बसले आणि ठरवून टाकलं की मुलांना गणित शिकवायचं आपलं टेबल आता बंद. रविवारी मंडी हाउसला उतरायचं नाही, कोपर्निकस मार्गावर जायचं नाही. शिकवायचीस तू. मला शिकवता येत नाही, मला भांडता येतं. समोर भांडायला कोणी नसेल तर मी तिथे जाऊन करू काय?

आपलं भांडण कुठे सुरू झालं, आठवतं? आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये, गच्चीवर, थंडीतल्या उन्हात. मटारांचा ढीग पुढ्यात घेऊन आपण सोलत बसलो होतो. तू नुकतीच आमच्या जिन्यात राहायला आली होतीस, नगरची, शाळेत गणित शिकवणारी, एवढंच मला ठाऊक. माझा निनाद नववीत. तो वही घेऊन वर आला आणि तणतणला, "आई, तू इतकं लांब का करतेस यार? मार्था आंटीने बिल्कुल दोन लाइनमध्ये करून दिलं."

गणित होतं सत्तावीसचा दोन छेद तीन. मी त्याला सत्तावीसचा वर्ग करायला लावला होता, सातशे एकोणतीस, आणि मग त्याचं घनमूळ शोधायला लावलं होतं. पोरगं अर्धा तास घाम गाळून नऊवर पोचलं होतं. तू त्याला जिन्यातच विचारलंस, सत्तावीसचं घनमूळ किती? तीन. तिनाचा वर्ग? नऊ. जा, खेळायला जा.

मला राग आला होता, आता सांगायला हरकत नाही. माझ्या मुलाला माझ्याआधी दुसरं कोणी शिकवून जातं म्हणजे काय? मी म्हटलं, "पण वरचा आकडा आधी वाचतो आपण. दोन छेद तीन. आधी दोन, मग तीन. मग आधी वर्ग, नंतर मूळ."

तू शेंगेतले दाणे अंगठ्याने सरकन काढलेस. "शैलाताई, पेरताना आधी जमिनीत बघतात की हवेत? खालचा आकडा जमिनीतला. तो मूळ. वरचा हवेतला. तो घात. आधी मूळ धरा, मग वाढवा."

"उत्तर तेच येतं ना पण?"

"येतं की. पण तुमच्या वाटेनं पोर थकून येतं."

तेव्हा आपण एकमेकींना अहो-जाहो करत होतो. पहिल्या भांडणानंतर ते गळून पडलं. भांडायला 'अगं' लागतं.

पुढे मला कळत गेलं की आपण दोघीही आपापल्या नोकरीसारख्या होतो. तुझ्यासमोर वर्षानुवर्षं घाबरलेली मुलं बसायची. मोठा आकडा दिसला की त्यांची पेन्सिल थांबायची, म्हणून तू आकडा आधी लहान करून द्यायचीस. मी मंत्रालयात सांख्यिकीच्या टेबलावर. आमच्याकडे आकडे करोडोंतच यायचे, त्यांना घाबरून पगार कसा मिळणार? आधी सगळं गोळा करायचं, रास घालायची, मग त्यातून काय निघतं ते बघायचं. स्वयंपाकातसुद्धा आपण तशाच. तू आधी वाटीभर पोह्यांचा चिवडा करायचीस, चाखायचीस, मीठ-साखर जमली की मग डबाभर. मी आधी परातभर करायचे आणि मग चाखायचे. त्या दिवाळीला आख्ख्या जिन्याने खारट चिवडा खाल्ला आणि कोणी काही बोललं नाही, फक्त तू दारात येऊन म्हणालीस, "घात झाला." मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नाही. नाताळात तुझ्या करंज्या आल्या तेव्हा बोलले. तुझ्या करंज्या माझ्यापेक्षा चांगल्या व्हायच्या, हे मी तुझ्या हयातीत एकदाही कबूल केलं नाही. आताही करत नाही, फक्त नोंद करते आहे.

मग एकेक करून नवऱ्यांच्या निवृत्त्या आल्या, क्वार्टर सोडायची वेळ आली. तुम्ही द्वारकेला फ्लॅट घेतलात, आम्ही वैशालीला. एकाच मेट्रो लाइनची दोन टोकं. मला वाटलं, संपलं. दिल्लीत माणसं अशीच संपतात, घर बदलतं आणि मग फक्त फॉरवर्ड केलेले गुड मॉर्निंग उरतात. पहिल्याच रविवारी तुझा फोन. "मंडी हाउसला उतर. आपल्या राज्याच्या जुन्या सदनाच्या कॅन्टीनमध्ये कांदेपोहे मिळतात. मी निघालेय." तुझा प्रवास माझ्यापेक्षा लांबचा होता. ते तू कधी बोलून दाखवलं नाहीस.

आपण तिथे नुसते पोहे खायला जात होतो, मार्था. शिकवणी वगैरे काही डोक्यात नव्हतं. शेजारच्या टेबलावर सना बसली होती, परभणीची, यूपीएससीसाठी आलेली, सीसॅटचा, म्हणजे गणित-तर्काचा, सराव पेपर समोर आणि पोहे गार होत चाललेले. तू किती वेळ कळ काढलीस? दोन घास. मग तुझी खुर्ची सरकलीच. "काय अडलंय गं?"

तिने कागद पुढे केला. इंग्रजीत लिहिलेलं, सोळाचा तीन छेद चार. "मॅडम, हे कधी शिकवलंच नाही आम्हाला. घात पूर्ण असला की जमतं. घात अर्धामुर्धा असला की काय करायचं?"

"सोडवू नकोस," तू म्हणालीस. "आधी नुसतं दुसऱ्या रूपात लिही. मुळाचं चिन्ह काढ. त्याच्या कोपऱ्यात बारीक चार लिही. आत सोळा. सगळ्याला कंस कर आणि बाहेर वर तीन."

सनाने लिहिलं आणि कागदाकडे बघतच राहिली. "अय्या. हे तर आठवीतलं आहे."

"मग? आठवीतलंच आहे. दिल्लीला आल्यावर कपडे बदललेत त्याने."

सोळाचं चौथं मूळ दोन, दोनाचा घन आठ. त्या मुलीने आठ लिहिला आणि गार पोहे सगळे संपवले. मी मात्र राहवलं नाही म्हणून टेबलापलीकडून म्हटलं, "आधी सोळाचा घन केला असतास तरी आठच आलं असतं." सनाने एकदा तुझ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. पुढच्या रविवारी ती आणखी दोघांना घेऊन आली. गणितासाठी नाही, आपलं भांडण दाखवायला.

टेबलाची पद्धत कोणी घातली, तू की मी, यावरही आपलं एकमत नव्हतं. तू घातलीस, असं धरून चालू. खिडकीच्या बाजूला मूळवाले, तुझे. भिंतीच्या बाजूला घातवाले, माझे. एक संख्या, एक अपूर्णांक घातांक. दोन्ही बाजूंनी आपापल्या वाटेने सोडवायचं आणि ज्या बाजूचं उत्तर उशिरा येईल, त्या बाजूने काउंटरवरून चहा आणायचा. प्रशांत आला तो पहिल्या दिवसापासून माझ्या बाजूला, वाशिमचा, हट्टी, मोठे गुणाकार पाठ असलेला. त्याला म्हणायचीस, "अरे, हरण्याची एवढी हौस कशाला?" तो म्हणायचा, "मॅडम, चहा आणायला जातो तेव्हा जरा पाय मोकळे होतात."

कारण हरायचो आम्हीच. हातच्या काकणाला आरसा कशाला, संख्येचं मूळ सरळ निघत असेल तर तुझीच वाट जवळची. बत्तीसचा तीन छेद पाच घेतला की तुझी मुलं 'दोन, आठ' म्हणून मोकळी आणि आम्ही बत्तीसच्या घनाशी झुंजत. चहा आणून आणून माझ्या बाजूच्या मुलांची कॅन्टीनवाल्यांशी मैत्री झाली.

पण शेवटचं गणित नेहमी तू घालायचीस. आणि शेवटचं गणित नेहमी असंच असायचं की त्या संख्येचं मूळ निघत नाही. सातचा दोन छेद पाच. दहाचा दोन छेद तीन. तुझी मुलं आपली सवयीने मूळ काढायला जायची आणि अडकायची. मी आरामात वर्ग करायचे, दहाचा शंभर, आणि शंभरचं घनमूळ म्हणून एका चिन्हाखाली नीटनेटकं लिहून टाकायचे. झालं उत्तर. तू कपाळावर हात मारून घ्यायचीस. "जिंकली बघा शैला. चला रे, चहा आपला." आणि स्वतः उठून जायचीस, गुडघे धरून.

तुला वाटायचं, शैलाच्या लक्षात येत नाही. पहिल्या महिन्यातच आलं होतं. एखादी चूक पानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसणारी तू, आणि शेवटच्या गणिताला तुला बरोबर तीच संख्या सुचते? वेड पांघरून पेडगावला जायचीस तू, आणि मीही तुझ्याबरोबर जायचे. मी जिंकल्याच्या आनंदात घरी जावं, पुढच्या रविवारी परत यावं, एवढ्यासाठी तू ते करायचीस. दर वेळी वाटायचं, सांगावं तुला, मार्था, मला कळतं बरं का. मग वाटायचं, सांगितलं तर थांबवशील. आणि मला ते थांबायला नको होतं. इतका लाड माझा दुसऱ्या कोणी केला नाही.

अडकलेल्या मुलांना तू एक गोष्ट सांगायचीस, ती मला आता सारखी आठवते. एकदा प्रशांत फोनवर कॅल्क्युलेटर उघडून दहाच्या घनमुळाचे दशांश मोजायला लागला होता. तू त्याच्या हातातून फोन काढून घेतलास. "कशाला? किती घरं मोजशील? ज्याचं मूळ पुरतं निघत नाही, त्याला चिन्हाखाली सुखानं राहू द्यावं. ते उत्तरच असतं. अपुरं नसतं ते." चौसष्ट आणि एक्याऐंशीच्या मधे, तू जिथे थांबलीस, तिथल्या संख्या अशाच आहेत. एकीचंही मूळ सरळ बाहेर येत नाही. तू त्यांना नावं ठेवायचीस, आणि त्यातल्याच एकीत राहिलीस. सुरुवातीचे दोन दिवस मी हिशेब करत होते, अजून किती रविवार मिळायला हवे होते याचा. मग तुझं ते बोलणं आठवलं आणि मी मोजणं सोडून दिलं. जेवढे होते तेवढे पुरे होते. खरंच सांगते, मी फार सुखात होते तुझ्याशी भांडताना.

एक भांडण मात्र राहिलं. तुझा शेवटचा निरोप अजून फोनमध्ये आहे, मागे कुकरच्या शिट्टीसकट. "शैला, उणे आठ घे. घातांक दोन छेद सहा. माझ्या रस्त्याने जा, मग तुझ्या रस्त्याने जा, आणि रविवारी तोंड दाखव." मी तुझ्या रस्त्याने गेले. उणे आठाचं सहावं मूळ, रस्ताच बंद. आपल्या नेहमीच्या संख्यांत तसं काही नाहीच. मग माझ्या रस्त्याने गेले. उणे आठाचा वर्ग चौसष्ट, त्याचं सहावं मूळ दोन. मी खूश. गॅस पुसताना ध्यानात आलं की दोन छेद सहा म्हणजे साधा एक छेद तीन, आणि उणे आठाचं घनमूळ तर उणे दोन. म्हणजे तुझा रस्ता बंद, आणि माझा रस्ता मला व्यवस्थित नेऊन चुकीच्या घरी सोडतो.

मी उत्तर तयार ठेवलं होतं. पाया शून्याच्या वर असेल तेव्हाच दोन्ही वाटा बिनघोर एका दारात येतात, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नियमाच्या आधी लिहिलेलं असतं. तू ते मुद्दाम गाळलंस, ही शुद्ध लबाडी आहे. हे फोनवर सांगण्यात मजा नव्हती. तुझ्या तोंडावर, सगळ्या मुलांसमोर सांगायचं होतं. रविवार यायच्या आधीच तू गेलीस. तर हे घे, आता सांगितलं. तुझ्याकडे यावर काहीतरी उत्तर असणारच, ते ऐकायला मिळणार नाही याचं मला फार वाईट वाटतं.

शनिवारी निनाद गुरुग्रामहून आला होता. बराच वेळ माझ्याजवळ बसला. म्हणाला, "आई, चलो, आता बस कर ना. दर संडे इतक्या लांब, तुझे गुडघे. आणि मार्था आंटी पण नाहीत." मी म्हटलं, बंदच केलंय. तो खूश मात्र झाला नाही. जाताना दारात म्हणाला, "पण तिने मला ते दोन लाइनमध्ये करून दिलं होतं, ते अजून तसंच येतं." माझा मुलगा, आणि तोही मूळवालाच निघाला.

संध्याकाळी सनाचा फोन. "मॅडम, उद्या येताय ना?"

"नाही गं. आता ते बंद. तुम्ही आपापला अभ्यास करा."

"बरं मॅडम," ती म्हणाली. "आम्ही बसणारच आहोत. पोहे खायला तरी या."

फोनवर बंद म्हणणं मला बरं वाटेना. इतक्या लांबून आलेली मुलं, त्यांना समोर जाऊन नीट सांगावं, तुझ्या नावाने दोन शब्द बोलावेत आणि उठावं, असं ठरवून काल मी मंडी हाउसला उतरले. शेवटचं एकदा, असं स्वतःला बजावत चालले होते.

कॅन्टीनच्या दारातून टेबल दिसलं आणि मी थबकले. मार्था, सगळी मुलं तुझ्या बाजूला बसली होती. खिडकीकडच्या खुर्च्यांवर मावत नव्हती, तर दुसऱ्या टेबलाच्या खुर्च्या ओढून, कोपराला कोपर लावून. प्रशांतसुद्धा. भिंतीच्या बाजूला एकच खुर्ची ठेवली होती, माझी.

"हे काय?" मी म्हटलं.

"मॅडम, आजपासून आम्ही सगळे मूळवाले," प्रशांत म्हणाला.

"गद्दार."

"तुमच्या बाजूला कोणाची गरजच नाही, मॅडम. तुम्ही एकट्याच पुरे आहात."

माझे दोन शब्द राहिले बाजूला. मी बसले. पोहे आले, लिंबाची फोड पिळली आणि सवयीने तोंडातून गेलं, "बत्तीस. तीन छेद पाच." आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं? उत्तर मला ठाऊक आहे. पण पडले तरी नाक वर. बत्तीसचा वर्ग एक हजार चोवीस, त्याला परत बत्तीसने गुणायला घेतलं, आणि बत्तीस हजार सातशे अडुसष्टपाशी पोचेपर्यंत समोरून सगळ्यांनी एका आवाजात आठ म्हटलंही होतं. मी उठले, काउंटरला गेले, चहाचा ट्रे घेऊन आले. कोणी मदतीला उठलं नाही. नियम म्हणजे नियम.

चहा संपला. आता शेवटचं गणित, आणि ते घालायचीस तू. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. आता बोलून टाकावं म्हणून मी पर्स मांडीवर घेतली.

तेवढ्यात सना म्हणाली, "शेवटचं गणित आमच्या बाजूचं. पाच. घातांक दोन छेद तीन."

ती माझ्याकडे बघत नव्हती. बशीतली लिंबाची साल बोटाने फिरवत होती. प्रशांत खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करायला लागला. बाकीच्यांनी कागदावर मुळाची चिन्हं काढली, त्यांच्या कोपऱ्यात तीन लिहिले, आत पाच लिहिले आणि डोकी खाजवायला लागली. पाचाचं घनमूळ निघत नाही, हे त्या टेबलावरच्या प्रत्येकाला झोपेतसुद्धा सांगता येतं. तूच त्यांना शिकवलं आहेस.

मी पर्स खाली ठेवली. पाचाचा वर्ग पंचवीस. मुळाचं चिन्ह काढलं, कोपऱ्यात तीन, आत पंचवीस. पेन बाजूला ठेवून म्हटलं, "झालं माझं."

"हरलो यार," प्रशांतने कपाळावर हात मारला, अगदी तुझ्यासारखा. "चला रे, चहा आपला." आणि आख्खी बाजू उठून काउंटरकडे गेली.

मी एकटी बसले होते, जिंकून, समोर सगळ्या रिकाम्या खुर्च्या. सांगायला आले होते ते राहूनच गेलं. चहा घेऊन मुलं परत आली तेव्हा मी त्यांना जरा हिणवलं, आधी घात म्हणतात ते उगाच नाही, वगैरे. त्यांनी माना खाली घालून ऐकून घेतलं. मला काही कळलं नाही, असं त्यांना वाटतंय. मीही तसंच वाटू दिलं.